कोरा रकाना

पीण्या मी पहिल्यांदा पाहिले ते १९८३ सालच्या जून महिन्यात. इचलकरंजीहून पदविकेचा कागद आणि एक वळकटी घेऊन मी तुमकूर रस्त्यावर एसटीतून उतरलो, तेव्हा समोर गाव असे काही नव्हतेच. पत्र्याच्या शेडींच्या ओळी, मधून तांबड्या मातीचे रस्ते, आणि वाऱ्यावर कापलेल्या लोखंडाचा नि यंत्रतेलाचा एक गोडसर, डोक्यात बसणारा वास. आमच्या गावी मागांचा आवाज दिवसरात्र चाले. इथे लेथ चालत होते. मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला कुठल्याही यंत्राचा आवाज परका वाटत नाही. ‘इथे आपले जमेल,’ असे मला त्या पहिल्याच संध्याकाळी वाटले.

पीण्या वसले सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. जवळच जालहळ्ळीला १९५३ साली एचएमटीचा कारखाना उभा राहिला होता, मग भारत इलेक्ट्रॉनिक्स आले. या मोठ्या घरांना लागणारे नट, दांडे, कप्प्या, साचे बनवणारी लहान लहान घरे या बाजूला दाटीने उगवली. एचएमटीचा घड्याळांचा कारभार २०१६ साली मिटला, पण त्याच्या सावलीत रुजलेली ही झुडपे टिकून राहिली आणि त्यांचे रान झाले. मी अशाच एका लहान कारखान्यात लागलो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे दुसऱ्यांनी घडवलेल्या लोखंडावर निकेल आणि क्रोम चढवले जाई. मी पर्यवेक्षक होतो. सायकलीची मूठ, नळाची तोटी, स्कूटरचा आरसा धरणारा दांडा असे काय काय माझ्या डोळ्यांसमोर मळकट आत गेले आणि चंद्रासारखे उजळून बाहेर आले. त्या उजेडाचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

नोकरी संपल्यावर मी दर शनिवारी एका शाळेत नववीच्या मुलांना पर्यावरणशास्त्र शिकवू लागलो. मानधन नव्हते, आणि शिकवण्याचा अनुभवही नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंना शनिवारचा एक तास भरायचा होता आणि मला रिकामे सकाळचे तास खायला उठत होते. माझी कन्नड अजूनही इचलकरंजीच्या वळणाची. मुले सुरुवातीला तोंडावर हात धरून हसत, मग सवय झाली. वर्गात कन्नड बोलणारी मुले होती, तशी तेलुगू, तमीळ आणि ओडिया घरांतली होती. बहुतेकांचे आईवडील पीण्याच्या कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये काम करणारे.

हा विषय शाळांत आला त्यामागे मोठा इतिहास आहे. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला, आणि २००३ साली त्याचा अभ्यासक्रम ठरवण्याची जबाबदारी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेवर टाकली. इतक्या उंचीवरून निघालेला हा झरा वर्गात पोचेपर्यंत मात्र प्रश्नोत्तरांच्या डबक्यात साचलेला असे. प्रदूषणाचे प्रकार किती व कोणते? जलप्रदूषणाची कारणे लिहा, पाच गुण. ओझोनचा थर, वाघांची घटती संख्या, ध्रुवावरचे बर्फ. मुले हे सारे मन लावून पाठ करीत. ध्रुवावरचे बर्फ त्यांच्यापैकी कुणी पाहिले नव्हते, आणि शाळेच्या कुंपणाला लागून वाहणारा काळा नाला रोज पाहूनही धड्यात कुठे भेटत नव्हता.

एकदा जलप्रदूषणावरचे उत्तर मी एका मुलीला मोठ्याने वाचायला सांगितले. उत्तर पुस्तकातल्यासारखेच होते : ‘कारखान्यातील लोभी माणसे विषारी पाणी नदीत सोडतात. असे कारखाने ताबडतोब बंद केले पाहिजेत.’ मी ‘छान’ म्हटले. ती खाली बसली नाही. वहीकडे पाहत, हळू आवाजात ती म्हणाली, “सार, माझे अप्पा क्रोमच्या टाकीवर काम करतात. ते लोभी नाहीत.”

वर्गात कुणी हसले नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “कारखाना बंद झाला तर आम्ही परत रायचूरला.” इतकेच. पण त्या दोन वाक्यांनी माझ्या हातातले पुस्तक एकदम हलके झाले. आपण या मुलांना शुद्ध भाषेत त्यांच्याच बापांवरचे आरोपपत्र लिहायला शिकवतो आहोत, आणि ते पाच गुणांसाठी त्यांच्याकडून घोटून घेतो आहोत, हे मला त्या क्षणी दिसले. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. ती मला फार वर्षांपासून ठाऊक होती. पाहायची मात्र टाळली होती.

आमच्या कारखान्यात मागच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक नळी होती. क्रोमच्या टाकीतून काढलेला माल ज्या हौदांत धुतला जाई, त्यांचे पाणी त्या नळीतून पलीकडच्या उताराला जाई. ते शुद्ध करण्याची रीत आम्हांला ठाऊक नव्हती असे नाही. क्रोमियम पाण्यात दोन रूपांत भेटते. टाकीतले क्रोमियम षट्‌संयुजी, पिवळे-नारिंगी, पाण्याबरोबर दूरवर पळणारे आणि कर्करोगाला कारण होणारे. दुसरे त्रिसंयुजी, हिरवट आणि पुष्कळच सौम्य. धुण्याचे पाणी आम्लयुक्त करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घातले की पहिल्याचे दुसरे होते. मग चुना घातला की ते गाळ होऊन तळाशी बसते. वरचे पाणी निवळते, गाळ पोत्यांत भरून रीतसर ठेवायचा. यात अवघड काही नाही. त्याला लागतात चुना, रसायन, एक रिकामा हौद, आणि एका माणसाचा वेळ. आमच्याकडे हौद होता. चुन्याची पोतीही असत. वेळ नसे.

आणि एक नोंदवही होती. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानंतर अशा वह्या सगळीकडे आल्या. तारीख, सामू, क्रोमियमचे प्रमाण, सही. ती वही माझ्याकडे होती. सामू म्हणजे पाणी किती आम्ल नि किती अल्कली हे सांगणारा आकडा; सातला पाणी उदासीन. मी त्या रकान्यात लिहीत असे : ७.२, ७.४, ७.१. कधी कधी खरे वाटावे म्हणून ७.८. मोजले कुणीच नव्हते. महिनाअखेरीला एका बैठकीत तीस दिवस भरून होत. मला त्याबद्दल कुणी दरडावले नाही की कुणी पैसेही दिले नाहीत. माझ्याआधीचा माणूस तसे करीत होता, आणि अक्षर माझे चांगले होते.

त्या मुलीचे वडील लोभी नव्हते. मीही स्वतःला लोभी म्हणणार नाही. पण नदीला ते आकडे कळत नव्हते.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक बाजूला ठेवले आणि फळ्यावर एक थेंब काढला. क्रोमच्या टाकीत एका लिटरला साधारण अडीचशे ग्रॅम क्रोमिक आम्ल असते. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक वजन क्रोमियमचे. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर एका थेंबात सहा मिलिग्रॅमहून अधिक क्रोमियम येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमहून जास्त क्रोमियम चालत नाही. मग एक थेंब किती लिटर पाणी बिघडवील? मुलांनी भागाकार केला. उत्तर सव्वाशे लिटरांच्या वर गेले. एका मुलाने आपल्या घरी दोन दिवसांआड येणाऱ्या पाण्याचे पिंप आठवून सांगितले, “सार, एक थेंब म्हणजे आमच्या पिंपापेक्षा जास्त.” त्यानंतर वर्गात जी शांतता झाली, ती ओझोनच्या धड्याला कधी झाली नव्हती.

मग तो थेंब कुठे जातो, हा प्रश्न आपोआप आला. बंगळूर हे मोठ्या नदीच्या काठचे शहर नव्हे. ते समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या एका कण्यावर वसले आहे. कण्याच्या पूर्वेचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे आणि पश्चिमेचे अर्कावतीकडे उतरते. जुन्या लोकांनी या उतारावर तळी बांधली, केरे. एक केरे भरली की सांडवा कालव्याने खालच्या केरेत; त्या कालव्यांना राजकालुवे म्हणतात. पावसाचा थेंब असा पायरी-पायरीने, थांबत-मुरत उतरे. पीण्याच्या शेडी या पायऱ्यांवरच उभ्या आहेत. जी वाट पावसासाठी बांधली होती, तिच्यानेच आमच्या नळीचे पाणी निघाले. काही वर खाली गेले, काही जमिनीत गेले. इथल्या भूजलात क्रोमियम उतरल्याचे केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासणीत दिसून आले आहे. खडकाच्या फटींत शिरलेले हे पाणी बोअरमधून वर येते, आणि त्याला चव नसते, वास नसतो.

आम्ही एक सहल काढली. मुलांना वाटले होते, बागेत किंवा प्राणिसंग्रहालयात नेतील. मी त्यांना आधी मल्लेश्वरमला नेले. तिथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी आम्हां मराठी माणसांचे जुने नाते आहे. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्यांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ साली या देवाला एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख इथे आहे. देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, १९९७ साली खोदकामात एक बुजलेली पुष्करणी सापडली. तिथे नंदीच्या मुखातून पाण्याची अखंड बारीक धार खालच्या शिवलिंगावर पडत असते. वृषभावती नदीचा उगम इथला, असे लोक मानतात. कुणी तो बसवनगुडीच्या नंदीच्या पायाशी सांगतात. नदीचे नाव नंदीवरूनच पडले. तिला मिळणारा एक फाटा पीण्याच्या बाजूने येतो. मुलांनी ती धार ओंजळीत घेतली. त्यांच्या नदीला एवढे स्वच्छ तोंड आहे, हे त्यांना नवीन होते. मलाही पस्तीस वर्षे या शहरात काढून ते नवीनच होते.

तिथून बस म्हैसूर रस्त्याने निघाली. केंगेरीच्या आसपास नदी रस्त्याला सोबत करते, आणि ती दिसण्याआधी वास येतो. मुलांनी नाकाला रुमाल लावले. शहराच्या बाहेर, बिडदीपलीकडे, ही नदी भैरमंगलाच्या तलावात शिरते. शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तो तलाव. आता त्याच्या सांडव्याखाली पांढरा फेस उसळतो, आणि वाऱ्याने त्याचे गोळे शेतांवर उडत जातात. एका मुलाला तो फेस सुंदर वाटला, आणि तसे म्हणून तो स्वतःच ओशाळला.

बांधावर एक वृद्ध बाई गवत कापत होती. मुलांशी ती मोकळेपणी बोलली. आधी इथे भात होई, ती म्हणाली. या पाण्यावर भात धरेनासा झाला. आता गुरांचे गवत, तुती, कोवळा मका. गवत गाईला, गाईचे दूध डेअरीला. “आणि डेअरीचे दूध कुठे?” असे तिनेच मुलांना विचारले, आणि उत्तर देताना बंगळूरच्या दिशेने विळा केला. तिच्या आवाजात राग नव्हता. शहराने खाली पाठवलेले काही फुकट जात नाही, एवढेच ती सांगत होती. या पट्ट्यातल्या भाज्यांत जड धातू सापडल्याचे अभ्यासकांनी सांगितले आहे; तिने ते एका विळ्याने सांगितले.

इथून ही नदी अर्कावतीला मिळते, आणि अर्कावती कनकपुऱ्याच्या पुढे संगमावर कावेरीला. बंगळूर १९७४ पासून कावेरीचे पाणी पिते. संगमाच्या वरच्या बाजूला उचललेले, सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि सुमारे पाचशे मीटर उंच चढवून आणलेले. एवढ्या कष्टाने वर आणलेले पाणी आपण वापरतो आणि त्याच कावेरीला खालच्या अंगाला परत करतो. पलीकडे तमिळनाडूतले लोक आहेत. प्रत्येक गाव कुणाच्या तरी वरच्या अंगाला असते.

परतीच्या बसमध्ये मुले पेंगली. मला मात्र इचलकरंजी आठवत राहिली. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. दूषित पाण्याचा बोभाटा झाला. पंचगंगेत काय काय येते हे आमच्या गावाला ठाऊक होतेच, कापडाच्या रंगाचे पाणी त्यात होते, वरच्या गावांचे मैलापाणीही होते. धाकटा भाऊ फोनवर मला म्हणाला होता, “दादा, वरची माणसं काय सोडतात देव जाणे. त्यांच्या वह्यांत सगळं बरोबरच असतं.” मी ‘हो ना’ म्हणालो होतो. वरची माणसे म्हणजे कोण, हे त्या वेळी माझ्या मनाला शिवलेसुद्धा नाही.

तास मग थेंबाभोवतीच फिरू लागले. एके शनिवारी मी शाई, कंगवे आणि पेले मागवले. कंगवा शाईत बुडवून लगेच पाण्याच्या पेल्यात धुतला की पाणी गडद निळे होते. तोच कंगवा शाईच्या भांड्यावर दहा आकडे मोजेपर्यंत निथळू दिला तर पाणी बरेच फिके राहते. आणि एकाऐवजी तीन पेल्यांत ओळीने धुतला तर तिसरा पेला जवळजवळ स्वच्छ. क्रोमच्या टाकीचेही गणित हेच. सोडून दिलेले विष हे बहुतेक मालाला चिकटून आलेले टाकीतलेच द्रव्य असते. निथळायला दहा सेकंद दिले तर ते पुन्हा टाकीतच पडते. शुद्ध करायचे पाणी कमी, फुकट जाणारे रसायनही कमी. मुलांना हा शोध आपलाच वाटला. त्यांनी तो घरोघर नेला.

पुढच्या शनिवारी त्या मुलीचे वडील शाळेत आले. रात्रपाळी करून तसेच आले होते. डोळे लाल, आणि नाकपुडीच्या कडेला क्रोमच्या वाफेने पडणाऱ्या जखमेची खपली. मी ती पुष्कळ नाकांवर पाहिली आहे. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. नम्रपणे म्हणाले, “सार, तुमचा हिशेब मुलीने मला समजावला. बरोबर आहे. पण आमची मजुरी नगावर आहे. एका पाळीत मी तीनशे हँगर टाकीतून काढतो. दहा सेकंद म्हटलं तर तीन हजार सेकंद. पन्नास मिनिटं. ती पन्नास मिनिटं कुणाची, तेवढं सांगा.”

मला उत्तर देता आले नाही. पर्यावरणावर मी जे काही वाचले होते, त्यात हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे कुठे भेटला नव्हता. पाण्याच्या शुद्धीला वेळ लागतो आणि वेळाला पैसा लागतो, हे सगळ्यांना मान्य असते. तो वेळ शेवटी कुणाच्या पाळीतून कापला जाणार, एवढेच मोकळे ठेवलेले असते. मी तो प्रश्न त्यांच्या देखतच फळ्यावर लिहिला. मुले बोलू लागली. मालकाने द्यावीत. सरकारने द्यावीत. क्रोमचा नळ विकत घेणाऱ्याने द्यावीत. “म्हणजे आपणच,” एक मुलगी म्हणाली. सगळी उत्तरे थोडी थोडी खरी होती. मुलीचे वडील दाराशी उभे राहून हे सारे ऐकत होते. शेवटी त्यांनी स्वतःच खडू मागितला. टाकीच्या चित्रावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली. टाकीच्या वर असा गज टाकला, तर काढलेला हँगर त्यावर टांगायचा, तो निथळतो तोवर पुढचा आत सोडायचा. हात रिकामे राहत नाहीत. पन्नास मिनिटे कुणाचीच जात नाहीत.

मी एकतीस वर्षे ती टाकी पाहिली होती. तो गज मला सुचला नाही, कारण मला त्याची गरजच पडली नव्हती. माझ्या वहीत पाणी शुद्धच होते.

त्या कारखान्यात तो गज पुढे बसला. मालकाला नदीपेक्षा क्रोमिक आम्लाच्या वाचणाऱ्या किमतीने पटले असावे, आणि तसे पटले तरी माझी तक्रार नाही. याने पीण्याचा नाला निवळला असे मात्र कुणी समजू नये. हजारो शेडींतली ही एक, आणि जमिनीत आधीच उतरलेले क्रोमियम कुठल्याही गजाने वर येत नाही. मुलांनाही मी हे सांगितले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना खोटी आशा देणे हा मला त्या जुन्या आकड्यांचाच एक प्रकार वाटतो.

आणि त्याच दिवशी मी त्यांना ती वहीही सांगितली. ७.२, ७.४, ७.१. सांगताना माझा आवाज नीट नव्हता. मुले माझ्याकडे पाहत राहिली. मुलांचा न्याय कडक असतो, तो सोसायची मी तयारी केली होती. त्या मुलीने विचारले, “सार, मग त्या दिवसांचे खरे आकडे आता कुठे मिळतील?” मी म्हणालो, “कुठेच नाही.” तिला माझ्या खोटेपणापेक्षा ते जास्त लागले असावे. तीस-तीस दिवसांचे महिने, वर्षांमागून वर्षे, आणि त्या पाण्याचे काय झाले हे सांगणारे काहीच शिल्लक नाही.

तेव्हापासून वर्गाची एक वही आहे. शाळेमागच्या केरेवर दर शनिवारी दोन मुले जातात. लिटमससारख्या कागदी पट्ट्या असतात. त्या बुडवून रंग जुळवायचा, सामू लिहायचा. पाण्याचा रंग, वास, फेस, दिसलेले पक्षी. एवढ्याने क्रोमियम कळत नाही, हे त्यांना माहीत आहे. नियम एकच, आणि तो मुलांनीच केला : मोजले नाही त्या दिवशी रकाना कोरा ठेवायचा.

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी इतका पाऊस झाला की केरेकडची वाट बंद होती. सोमवारी मी शाळेत काही कामाला गेलो, तेव्हा वही टेबलावर उघडी होती. तारीख लिहिलेली होती, दोघांच्या सह्या होत्या, ‘पाऊस’ एवढा शब्द होता, आणि सामूचा रकाना कोरा होता. मी तो बराच वेळ पाहत उभा राहिलो. मग वही मिटली आणि होती तिथे ठेवली.